रील कर, पण आधी ग्रामसभेला जा

अगं, माईक घेऊन कोल्हापूरच्या बिंदू चौकात उभं राहिलं की पत्रकार झालो असं आता सगळ्यांनाच वाटतंय, वाटू दे. तू शाहूवाडीकडच्या एखाद्या गावात ग्रामसभेला जा. 2011 पासून आपल्याकडं पंचायतीत बायकांना 50 टक्के आरक्षण आहे, पण सरपंचबाईंना पाण्याचं विचारलं की उत्तर शेजारच्या खुर्चीतला नवराच देतोय, आणि मीपण कितीदा तेच छापून मोकळा झालो, चुकलंच माझं. तू थांब, "ताई, तुम्हीच सांगा" म्हण, कॅमेरा हलवू नको. साडीचं वर्णन तर अजिबात नको (आमदाराचा शर्ट कोण लिहितंय काय?). प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेत काय ठरलं ते लिहितात त्या वहीत, सही कुणाची, तेवढं मात्र बघूनच ये. रील काय, परतताना एसटीत बसून पण होतंय की.