म्हणा की, पण मग दोन मिनिटं थांबा

प्रश्न असा आहे: "अमेरिकेत अनोळखी माणसंसुद्धा सैनिकाला बघून 'थँक यू फॉर युवर सर्व्हिस' म्हणतात. आपल्याकडे माजी सैनिकाला असं म्हटलं तर त्याला बरं वाटतं, की अवघडल्यासारखं होतं?"

मी १९९६ ला भरती झालो आणि २०२० ला हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. मराठा लाइट इन्फन्ट्री. गाव माण तालुक्यात, जिल्हा सातारा. गावात मला सगळे 'मेजर' म्हणतात. आमच्या भागात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो; सुरुवातीला मी दुरुस्त करायचो, आता सोडून दिलंय. सध्या पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. तेव्हा जे सांगतो ते माझ्यापुरतं. साहेब लोकांचं, नेव्ही-एअरफोर्सवाल्यांचं वेगळं असेल.

अवघडल्यासारखं होतं. राग अजिबात येत नाही, समोरचा मनापासून बोलतोय हे कळतं, पण त्यावर बोलायचं काय ते सुचत नाही. आपल्यात जवळच्या माणसाला धन्यवाद म्हणायची पद्धतच नाही. शेजाऱ्याने मध्यरात्री गाडी काढून म्हातारीला दवाखान्यात नेलं तरी आपण "लई धावपळ झाली तुमची" एवढंच म्हणतो आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी पिशवीभर शेंगा पोचवतो. 'धन्यवाद' हा माइकवरचा शब्द. त्यामुळे कुणी म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप 'जय हिंद' निघतं, पाठ ताठ होते आणि मग आम्ही दोघंही इकडे तिकडे बघायला लागतो.

दुसरं म्हणजे मी पोटासाठी गेलो होतो. चार एकर कोरडवाहू, दोन वर्षांत एकदा पीक, तीन भाऊ. आमच्याकडे पोरगं दहावीला गेलं की पहाटे रस्त्यावर पळायला लागतं. सोळाशे मीटर धावणं, बीमवर दहा पुलअप, नऊ फुटांच्या खड्ड्यावरून उडी हे पाढ्यांसारखं पाठ असतं. मी भरतीच्या रांगेत उभा होतो तेव्हा डोक्यात देश नव्हता, आईच्या कानातलं गहाण होतं ते डोक्यात होतं. बेळगावला ट्रेनिंग सेंटरमध्ये घासून काढलं, कसम परेड म्हणजे शपथेची परेड झाली, आणि पुढे पलटण म्हणजेच घर झालं. देशाचं प्रेम आलं ते त्या वाटेने, सावकाश. म्हणून कुणी एकदम "तुम्ही आमच्यासाठी आयुष्य दिलंत" म्हणालं की वाटतं, थांबा जरा, पगारही घेतलाय, पेन्शनही घेतोय.

अमेरिकेचं कारण वेगळं आहे असं माझा डॅलसचा भाचा सांगतो. तिथे १९७३ पर्यंत सक्तीची भरती होती. पोरं मर्जीविरुद्ध व्हिएतनामला गेली आणि परत आली तेव्हा कित्येकांना कुणी नीट विचारलंही नाही. पुढच्या पिढीला ती बोच राहिली, त्यातून ही म्हणायची सवय वाढली. आता तिथले काही माजी सैनिकही म्हणतात की हे 'हॅव अ नाइस डे'सारखं झालंय. आपल्याकडे सक्ती कधी नव्हती. गावच्या गावं आपणहून गेली. सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात.

आपली आभाराची पद्धत म्हणजे शाल आणि श्रीफळ. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, गणपतीतला एखादा दिवस. माझ्याकडे शाली इतक्या साठल्या की मंडळी त्या लग्नाकार्यात पुढे सरकवायला लागल्या. एका तपकिरी शालीला देवघरात उदबत्तीचं बारीक भोक पडलं होतं. तीही अशीच कुणाच्या तरी बारशाला गेली. दोन वर्षांनी एका मंडळाने मला स्टेजवर बोलावलं, भाषण झालं, टाळ्या झाल्या, शाल पांघरली. घरी आल्यावर मंडळींनी ती उलगडली आणि हसत खालीच बसल्या. तेच भोक. फिरून आमच्याच घरी.

हसण्यावारी नेलं तरी या कार्यक्रमांचा सगळ्यांना आनंद होतो असं समजू नका. आमच्या भागातल्या एक ताई आहेत, नवरा फौजेत होता, काश्मीरमध्ये कामी आला. त्या एकदा माझ्या मंडळींना म्हणाल्या, "दरवर्षी बोलावतात, पहिल्या रांगेत बसवतात, आणि मी कधी रडते याची वाट बघत फोटोवाला समोर उभा असतो." यंदा त्या गेल्या नाहीत. लोक म्हणाले, गर्व आलाय.

उलट आमच्या गावचे सुभेदार. १९७१ ची लढाई बघितलेले, कान गेलेले. त्यांना हे प्रचंड आवडतं. शाळेतल्या पोराने एकदा ओरडून "थँक यू आजोबा" म्हटलं तर त्यांनी विचारलं, "कुणी सांगितलं म्हणायला?" पोरगं म्हणालं, "बाईंनी." "बरं, मग बाईंना सांग, आजोबा पन्नास वर्षं वाट बघत होते." आणि पोराला लिमलेटची गोळी दिली. म्हणजे बघा, एकाच गावात दोन तऱ्हा.

आता जे मला सगळ्यात अवघड जातं ते. धन्यवादाच्या मागोमाग बहुतेक वेळा एक प्रश्न येतो: "किती मारले?" तरुण पोरं विचारतात, कधी कधी चांगली शिकलेली मोठी माणसंही विचारतात. मी २००४ ला सियाचिनला होतो. तिथे २००३ च्या नोव्हेंबरपासून युद्धबंदी आहे. आमच्या चौकीवरून एक गोळी सुटली नाही. तरी आम्ही गेलो तितके परत आलो नाही.

माझ्या दोरीला पुढे एक पोरगा असायचा, आटपाडीकडचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. एका चौकीवरून दुसरीकडे जाताना सगळे एकाच दोरीला बांधलेले असतात, एखादा बर्फातल्या भेगेत गेला तर बाकीच्यांनी ओढून धरायचा म्हणून. एकदा माझा हातमोजा सुटला. दोन-तीन मिनिटांची गोष्ट, पण उजव्या हाताची बोटं पांढरी पडली, लाकडासारखी. चौकीवर पोचल्यावर त्याने स्वतःचा कोट उघडला आणि माझा हात काखेत घालून दाबून बसला. अर्धा तास. स्वतः थरथरत होता आणि मला गावच्या जत्रेतल्या बैलांच्या शर्यतीची गोष्ट सांगत होता, कारण जाग आल्यासारखी बोटं दुखायला लागली की माणूस ओरडतो. बोटं वाचली. टोकांची कातडी गेली, नवी आली ती गुळगुळीत.

महिन्याभराने त्याला हॅपो झाला. उंचीवर फुफ्फुसात पाणी भरतं, त्याला फौजेत हॅपो म्हणतात. लवकर खाली उतरवणं हाच खरा उपाय. हवामान बंद होतं, हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलं. तो सकाळीच गेला होता.

खाली उतरल्यावर सुट्टी मिळाली तेव्हा मी आधी त्याच्या घरी गेलो. आईसमोर बसलो. काय बोलायचं हे रेल्वेत बसून पाठ केलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. त्यांनी चहा दिला, बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या आणि एकच विचारलं, "त्याला तिथं जेवण जात होतं का?"

तिथे जेवण कुणालाच जात नाही. भूकच मरते. बटाटा दगडासारखा होतो, संत्रं भिंतीवर आपटलं तरी फुटत नाही, स्टोव्हच्या केरोसिनची काजळी घशात बसते आणि थुंकी काळी येते. मी म्हणालो, "होय, दोन वेळा जेवायचा."

कुणी अनोळखी माणूस माझे आभार मानतो तेव्हा मला हे आठवतं. दर वेळी नाही, पण पुष्कळदा. तुम्ही 'थँक यू' म्हटल्यावर एखादा माजी सैनिक एकदम गप्प झाला तर वाईट वाटून घेऊ नका. तुमचं काही चुकलेलं नसतं. तो त्या क्षणी तुमच्यासमोर नसतो.

मग बरं कधी वाटतं? एक प्रसंग सांगतो. पेन्शनरला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे मी जिवंत आहे हे मीच सिद्ध करायचं. मी गावाकडच्या सेवा केंद्रात गेलो. अंगठा लागेना, बोटं लागेनात. मशीन दर वेळी लाल. तिथली मुलगी असेल बावीस-तेवीसची. मागे रांग, लोक कुरकुरत होते. तिने ओल्या रुमालाने माझी बोटं पुसली, परत लावली, मग हात उलटा करून नीट बघितला. "काका, रेषाच नाहीत की. भाजलं होतं का?"

"थंडीनं."

"थंडीनं असं होतं? कुठली थंडी?"

मी सियाचिन म्हणालो. तिने विचारलं, तिथे झोपता कसं, पाणी कुठून आणता, घरी फोन लागतो का. मी सांगत गेलो. बर्फ वितळवून पाणी, झोप तुकड्यातुकड्यात, फोनसाठी रांग. हात वाचवला कुणी तेही सांगितलं. मागची रांग कुरकुरायची थांबली होती. मग ती म्हणाली, "आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, चला करू," आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. "काका, डोळे मिचकवा." मला काही केल्या वेळेवर मिचकवता येईना. चौथ्या वेळी जमलं. दाखला निघाला. तिने धन्यवाद वगैरे काही म्हटलं नाही, पैसे घेतले आणि "पुढच्या वर्षी थेट चेहऱ्याचंच करू, बोटांच्या नादी लागायला नको" म्हणाली. घरी परत येताना मी सायकलवर चक्क गुणगुणत होतो.

१४ जानेवारी हा माजी सैनिक दिन असतो, हे किती जणांना माहीत आहे? १९५३ ला त्या दिवशी आपले पहिले भारतीय सरसेनापती, फील्ड मार्शल करिअप्पा निवृत्त झाले, म्हणून तो दिवस; पाळायला लागले ते अलीकडेच. आपल्याकडे बहुतेक वर्षी त्या दिवशी संक्रांत असते. त्यामुळे मला तरी सोपं जातं, लोक तिळगूळ देतात तोच आपल्या नावाचा समजून तोंडात टाकायचा.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: म्हणा. रेल्वेत, एसटी स्टँडवर काळी ट्रंक घेऊन कुणी बसलेला दिसला तर जरूर बोला. पण म्हणून झाल्यावर लगेच निघू नका. "कुठली पलटण?" विचारा. "कुठं कुठं होता?" विचारा. गाव कुठलं, घरी कोण कोण, सुट्टी किती दिवसांची, हे विचारा. माणूस खुलला तर तुमची गाडी चुकेल, ती जबाबदारी तुमची. नाही खुलला तर चहा सांगा आणि शेजारी बसा.

"किती मारले" तेवढं विचारू नका. आणि "मेजर, कॅन्टीनची एक बाटली मिळेल का" हेही नको. कोटा या महिन्याचा संपलाय.