मनगटावरचं नाव काढायचंय. याग की पिको?

प्रश्न : माझ्या डाव्या मनगटावर काळ्या शाईत एक नाव गोंदलेलं आहे, शेजारी लाल बदाम. लग्न चार महिन्यांवर आलंय. एका दवाखान्यात क्यू-स्विच्ड याग लेझर सुचवलं, दुसरीकडे पिको लेझर. पण पिकोचा दर बैठकीला दुप्पट आहे. काय करू?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, आधी लग्नाचं बोलू. लेझर शाई फक्त फोडतं. ते कण उचलून न्यायचं काम शरीरातल्या पेशींचं, आणि त्या ते सावकाश करतात. म्हणून दोन बैठकांत सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात; मनगटावर तर शाई आणखी चिवट. लग्नापर्यंत दोन, फार तर तीन बैठका होतील. नाव फिकं होईल, जाणार नाही. चार महिन्यांत साफ करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊच नका.

आता पैशांचं. यागचा झोत काही नॅनोसेकंदांचा (म्हणजे सेकंदाच्या काही अब्जांश भागांचा), पिकोचा त्याहून कितीतरी आखूड. त्याने शाई अधिक बारीक फुटते, बैठका थोड्या कमी लागतात. पण निम्म्या नव्हेत! समजा यागने 8 लागल्या आणि पिकोने 6, तर दुप्पट दराने तुम्ही यागच्या 12 बैठकांचे पैसे मोजलेत. साध्या काळ्या शाईसाठी एवढा खर्च करा असं मी सांगणार नाही. हिरवा-निळा रंग असेल किंवा यागने फिकं होणं थांबलं असेल, तर पिकोचे पैसे वसूल होतात.

दवाखान्यात तरंगलांबी, म्हणजे लेझरच्या प्रकाशलहरीची लांबी, जरूर विचारा; कोणत्या रंगाची शाई फुटेल ते तिच्यावर ठरतं. 1064 नॅनोमीटर खोल जातं आणि आपल्या सावळ्या त्वचेला त्यातल्या त्यात सुरक्षित. लाल बदामाला 532 लागेल. तिथे त्वचा पांढरी पडण्याची किंवा काळवंडण्याची भीती असते, म्हणून आधी बदामाच्या टोकावर चाचणी करून घ्या. झोत पडला की चट् आवाज होतो, अक्षर पांढरं फेसाळतं आणि पाव तासात ओसरतं. त्याला घाबरू नका. घाबरायचं ते केस काढायच्या लेझरला. त्याने शाई फुटत नाही, त्वचा भाजते आणि वण राहतो. असे हात घेऊन मुली येतात तेव्हा फार वाईट वाटतं.

शेवटची बैठक लग्नाआधी निदान महिनाभर उरकून घ्या. खपली असेल तर तिथे हळद लावू देऊ नका. उरलेलं फिकट नाव त्या दिवशी कन्सीलरखाली झाकेल. पुढच्या बैठका लग्नानंतर.