आधी भाषा, मग विमानाचं तिकीट

प्रश्न : मुलगी इतिहास घेऊन बी.ए. झाली. मोडीचा कोर्सही केला. आता म्हणते, युरोपच्या सांस्कृतिक इतिहासात एम.ए. करायचं, तेही तिकडे जाऊन. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. थोडी शेती आहे, ती विकून पाठवता येईल. पण आपला इतिहास सोडून त्यांचा कशाला? आणि पुढे नोकरीचं काय?
— एक पालक, वाई

नमस्कार गुरुजी,

जमीन विकू नका. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल.

या विषयात नक्की करतात काय, ते एका गिरणीवाल्यावरून सांगतो. उत्तर इटलीतल्या फ्रिउली भागात मेनोक्किओ नावाचा एक गिरणीवाला होता. १५८४ मध्ये त्याला धर्मन्यायालयापुढे उभं केलं. तो म्हणे, दुधाचं चीज व्हावं तसं हे जग जमून आलं आणि चीजमध्ये किडे पडावेत तसे त्यातून देवदूत निघाले. कारकुनाने त्याचा शब्द न् शब्द उतरवून घेतला. पुढे त्याला देहान्त शासन झालं, पण ते कागद राहिले. जवळपास चारशे वर्षांनी कार्लो गिन्झबुर्ग या इतिहासकाराने ते उलगडले. या माणसाने कोणती पुस्तकं वाचली, कोणाकडून उसनी आणली, वाचलेल्यात स्वतःचं काय मिसळलं, हे त्यांनी शोधलं. राजे आणि लढाया बाजूला ठेवून माणसं काय मानत होती, कशाला भीत होती, हे कागदांतून काढायचं, असा हा विषय आहे. तुमच्या लेकीला याची ओढ लागली असेल, तर ती वरवरची हौस नव्हे.

पण ते कागद इंग्रजीत नाहीत. नेमकं इथेच आपली मुलं अडतात. बाकी सगळं जमतं, पण मूळ कागद वाचता येत नाही; मग इंग्रजी भाषांतरांवर भागवून एम.ए. होतं आणि पीएच.डी.चं दार बंद राहतं. भाषेखेरीज अक्षरही शिकावं लागतं. जुन्या लॅटिन हस्तलिखितात ‘पी’च्या शेपटीवर आडवी रेघ मारली की ते अक्षर ‘पेर’ असं वाचायचं. शेपटीला वळसा दिला की ‘प्रो’. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, संदर्भाने लावावं लागतं, तशीच ही सवय. तुमच्या लेकीचे डोळे त्याला तयार झालेले आहेत. अर्ज करताना मोडीचा उल्लेख तळाशी टाकू नका म्हणावं, पहिल्या परिच्छेदात लिहू दे.

‘आपला सोडून त्यांचा कशाला’ असं विचारलंत. फादर स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मसंघातला मिशनरी, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली. ते क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातल्याच रायतूर इथे रोमन लिपीत छापलं गेलं. आता हा इतिहास कोणाचा, त्यांचा की आपला? मराठी ओवी कानाने ओळखणारी आणि लॅटिन-पोर्तुगीज वाचणारी माणसं फार थोडी आहेत. पणजीच्या पुराभिलेखागारात आणि लिस्बनमध्ये कागद पडलेत. तिथे तिची मराठी हेच तिचं भांडवल आहे.

म्हणून माझा सल्ला असा : दीड-दोन वर्षं भाषेला द्या. जर्मन पुण्यात मॅक्सम्युल्लर भवनात शिकता येईल. गोव्याकडे ओढा असेल तर गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे. सोबत इथलं एम.ए. चालू ठेवावं आणि प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या ‘नेट’ या पात्रता परीक्षेची तयारीही.

पैशांचं म्हणाल, तर जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्या मुलांना सत्राला १५०० युरो पडतात. राहण्या-खाण्यासाठी वर्षाचे सुमारे १२ हजार युरो आधी खात्यात दाखवावे लागतात, हे विसरू नका. इतिहासाचे वर्ग बहुधा जर्मनमध्येच असतात, मध्ययुगासाठी पुष्कळ ठिकाणी लॅटिनही मागतात. इरास्मुस मुंडुस या युरोपियन युनियनच्या शिष्यवृत्तीत फी माफ असते आणि महिना १४०० युरो मिळतात. चुरस मोठी आहे, पण अर्ज जरूर करावा. लंडनचं वारबुर्ग इन्स्टिट्यूट या विषयाचं माहेरघर. त्याचं ग्रंथालय १९३३ मध्ये नाझींपासून वाचवायला हाम्बुर्गहून बोटीने आणलं. तिथलं एम.ए. एका वर्षाचं आहे, पण ब्रिटनची फी शिष्यवृत्तीशिवाय भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोकरीबद्दल खोटी आशा लावणार नाही. प्राध्यापकीच्या जागा कमी निघतात, वाट बघावी लागते. संग्रहालयं, अभिलेखागारं, प्रकाशन, अनुवाद इथे कामं आहेत, पगार सुरुवातीला बेताचे. मात्र चांगली जर्मन येत असेल तर पुण्यात पोटापाण्याची चिंता नाही. तिथल्या कंपन्यांना अशी माणसं लागतात. भाषेवर घातलेली वर्षं कोणत्याही वाटेने गेलं तरी वाया जात नाहीत, म्हणून तर तिथून सुरुवात करा म्हणतो.

एक काम तिला या महिन्यात करू दे. आपल्याला नेमकं काय शोधायचंय, ते एका पानात लिहावं, मराठीत चालेल. कोणता काळ, कोणतं गाव, कोणते कागद, एवढं त्यात यावं. ते पान मला पाठवा. कोणती भाषा आधी घ्यायची, ते पान वाचून सांगतो.