सांगलीत पावसाळ्यात डिशवर रेस लाइव्ह बघताना चित्र अडकतं, काय करावं?

आधी बॉक्सच्या मेनूत सिग्नल बघा. स्ट्रेंग्थ भरपूर पण क्वालिटी तळाला, तर बहुधा डिश हललीय. दोन्ही शून्यावर, तर केबल किंवा एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा) तपासा. कनेक्टर उघडल्यावर आतली तार हिरवट दिसली की तेवढी केबल छाटून नवा एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचा फिरवून बसवायचा जोड) बसवा.

फ्री डिश असेल तर उपग्रह 93.5 अंश पूर्वेला. सांगलीतून दिशा आग्नेय, होकायंत्रावर सुमारे 130 अंश, क्षितिजापासून वर साधारण 60 अंश. डिश मात्र त्यापेक्षा बरीच खाली बघतेय असं वाटतं, ऑफसेट असते ना, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला! नट किंचित सैल करून केसभर सरकवा, थांबा, क्वालिटी बघा.

धो-धो पावसात सिग्नल जाणारच, सर ओसरली की येतो. आणि फॉर्म्युला वनसाठी ही खटपट असेल तर राहू द्या: 2024 पासून ती फॅनकोड अ‍ॅपवर गेली, तिथे इंटरनेटच लागतं.