अडॅप्टिव्ह रेडिओथेरपीने आतड्यांचा त्रास खरोखर कमी होतो का?

आपल्या आईंना गर्भाशयमुखाचा कर्करोग असून डॉक्टरांनी किरणोपचाराचे २५ शेक सांगितले आहेत, तेव्हा अडॅप्टिव्ह रेडिओथेरपीसाठी (अवयवांच्या त्या दिवसाच्या स्थितीप्रमाणे आखणी जुळवून दिलेल्या किरणोपचारासाठी) दुसऱ्या शहरात जावे का, असे आपण विचारले आहे. मी रेडिएशन विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे, म्हणून तंत्रापुरतेच लिहिते; निर्णय अर्थातच त्यांच्या डॉक्टरांचा.

नेहमीच्या पद्धतीत किरणोपचाराची सर्व आखणी सुरुवातीच्या एका सीटी स्कॅनवर होते, परंतु ओटीपोटातले अवयव रोज त्याच जागी राहत नाहीत. मूत्राशय भरले की गर्भाशय वर सरकते, रिकामे झाले की खाली येते. हा फरक कधी दोन-तीन सेंटिमीटरही असतो, शिवाय गाठ आठवड्यागणिक आक्रसत जाते. गाठ किरणांतून निसटू नये म्हणून भोवती जादा कडा धरावी लागते, आणि त्या कडेत सापडलेल्या आतड्याला व मूत्राशयाला नाहक मात्रा मिळून जुलाब, कळा, लघवीची जळजळ वाढते.

अडॅप्टिव्ह पद्धतीत रुग्ण टेबलावर असतानाच त्या दिवसाची प्रतिमा घेऊन अवयवांच्या रेषा नव्याने काढतात व आखणी बदलतात. किंवा मूत्राशय कमी-अधिक भरलेले असताना काय करायचे, याच्या आधीच तयार ठेवलेल्या आखण्यांतून जुळणारी निवडतात. कडा लहान ठेवता येते, हा खरा लाभ. मात्र पहिल्या प्रकाराला बराच वेळ लागतो, आणि तेवढ्यात मूत्राशय पुन्हा भरू लागते, ही त्यातली गोम आहे.

माझ्या मते आधी आयएमआरटी (किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करून मात्रा गाठीच्या आकाराला जुळवण्याचे तंत्र) आणि शेकापूर्वी रोज प्रतिमा घेण्याची सोय आहे का, हे विचारावे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर शेक घेतलेल्या ३०० रुग्णांच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आतड्यांचा मध्यम वा तीव्र दीर्घकालीन त्रास तीन वर्षांत थ्रीडी या जुन्या, साध्या पद्धतीने ४२.४ टक्के, तर प्रतिमा घेऊन दिलेल्या आयएमआरटीने २१.१ टक्के रुग्णांना झाला. अडॅप्टिव्हची भर यापुढची. शस्त्रक्रिया झाली नसेल, तर गर्भाशय शरीरातच असते आणि बरेच हलते, म्हणून तिथे ती अधिक उपयोगी ठरू शकते.

मूत्राशय ठरल्याप्रमाणे भरून येण्याची शिस्त मात्र सर्वत्र पाळावी लागते. किती पाणी प्यावे आणि किती वेळ थांबावे, हे विभागातून लिहून घ्यावे. शस्त्रक्रिया झाली नसल्यास बाहेरून दिलेला शेक आणि त्यानंतरची ब्रेकीथेरपी (किरणांचा स्रोत शरीराच्या आत गाठीजवळ ठेवून दिलेला उपचार), दोन्ही मिळून आठ आठवड्यांच्या आत संपणे महत्त्वाचे असते. त्यामुळे दुसऱ्या शहरातली तारीख बरीच लांबची मिळत असेल, तर मी आहे तिथेच उपचार सुरू करण्याकडे झुकेन.