स्वस्त टॅब्लेटवर स्वतः रॉम टाकावा, की तयार टॅब्लेट घ्यावा?

प्रश्न : वाचन, टिपणे आणि ऑनलाइन वर्ग यांसाठी मला टॅब्लेट घ्यायचा आहे. कंपनीची जाहिरातींनी भरलेली प्रणाली काढून आपल्या पसंतीची प्रणाली, म्हणजे रॉम, बसवता येईल असा स्वस्त टॅब्लेट मित्राने सुचवला आहे. घेतल्याबरोबर वापरता येणारा दुसरा टॅब्लेट त्याच्या जवळपास दुप्पट किमतीचा आहे. मला संगणकाची आवड आहे, पण असे काम पूर्वी केलेले नाही. काय घ्यावे?

उत्तर : वर्ग याच टॅब्लेटवर करायचे असतील आणि हाताशी दुसरे साधन नसेल, तर तयार टॅब्लेटच घ्यावा. बूटलोडर, म्हणजे टॅब्लेट सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्राम, दुसरी प्रणाली टाकण्यासाठी अनलॉक करताना टॅब्लेटमधील सगळा डेटा पुसला जातो, हे बहुतेकांना ठाऊक असते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. नवा रॉम एका संध्याकाळीही बसू शकतो, परंतु कॅमेरा, माइक आणि वायफाय यांचे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग प्रणालीकडून चालवणारे प्रोग्राम, अनेकदा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या बंदिस्त कोडवर अवलंबून असतात आणि तो मिळाला नाही, तर उत्तम चालणाऱ्या टॅब्लेटवरही वर्गात आपला आवाज पोहोचत नाही. पाइनटॅब २ हा टॅब्लेट तर अशा हौशी लोकांसाठीच बनवलेला होता. तरीही २०२३ मध्ये तो ग्राहकांच्या हाती पडला, तेव्हा त्यातील वायफायचा ड्रायव्हर तयार नव्हता. शिवाय अनलॉक केलेल्या उपकरणावर बँकांची काही अॅप चालण्यास नकार देतात, आणि चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या वाइडवाइन या संरक्षण व्यवस्थेची पातळी घसरल्यास चित्रपट कमी स्पष्टतेत दिसतात.

तरीही आपली आवड मोडावी, असे आम्ही म्हणणार नाही. एचपीने २०११ मध्ये टचपॅड हा टॅब्लेट बाजारात आणून दोन महिन्यांच्या आत बंद केला, तेव्हा स्वयंसेवकांनीच त्यावर अँड्रॉइड आणले. त्याच सुमाराच्या नूक कलर या वाचनयंत्राची सोय तर नवशिक्यासाठी आदर्श होती, कारण ते आधी मेमरी कार्डावरून सुरू होत असे. कार्डावर अँड्रॉइड टाकून हवे ते प्रयोग करावेत, कार्ड काढले की मूळ प्रणाली जशीच्या तशी हजर. परतीची अशी वाट ज्या उपकरणात आहे, त्यावर शिकण्यात मोठा आनंद आहे.

म्हणून मित्राने सुचवलेला टॅब्लेट पुढे दुसरे उपकरण म्हणून अवश्य घ्यावा, मात्र नाव पाहून नव्हे, तर पूर्ण मॉडेल क्रमांक पाहून, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या चिपचे टॅब्लेट विकले जातात. त्या क्रमांकासाठी लिनेजओएससारख्या, स्वयंसेवकांनी अँड्रॉइडवरून बनवलेल्या रॉमची देखभाल अजून चालू आहे का, काय चालत नाही याच्या यादीत काय आहे आणि मूळ फर्मवेअर, म्हणजे कंपनीची मूळ प्रणाली, परत टाकण्यासाठी मिळते का, हे आधी तपासावे. मित्राकडे तेच मॉडेल असेल, तर पैसे देण्यापूर्वी त्यावरून आपल्याला एक व्हिडिओ कॉल करायला सांगावा.