एफआय (फ्युएल इंजेक्शनची) बाइक रिच चालतेय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय, प्लग काळा पडतो. इंजेक्टर बदलावा का आणि खर्च किती येईल?

आत्ता तरी बदलू नका. तुम्ही लिहिलंय की १५० सीसीची बीएस-६ बाइक ४५ वरून ३० च्या ॲव्हरेजवर आली. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, पाच-सहा किलोमीटरनंतर भकभक करते, प्लगवर काजळी चढते आणि चेक लाइट लागत नाही. यातलं "पाच-सहा किलोमीटरनंतर" हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. गळका इंजेक्टर असा वागत नाही. गाडी बंद केल्यावर लाइनमधलं प्रेशर त्यातून झिरपतं, पेट्रोल इनटेकमध्ये साचतं, त्यामुळे त्रास पुन्हा सुरू करताना होतो. काळा धूर सोडला की गाडी बऱ्यापैकी मोकळी होते.

हुबेहूब हीच तक्रार असलेली एक बाइक माझ्याकडे आली होती. तिला नवा इंजेक्टर, नवा एअर फिल्टर आणि दोनदा नवा प्लग लागलेला होता. स्कॅनर जोडला तर सिलिंडरला हात लावता येत नव्हता आणि स्क्रीनवर इंजिनचं तापमान २६ अंश! तापमानाचा सेन्सर काढून त्याचा रेझिस्टन्स मोजला: थंड असताना २.३ किलोओहम, ८० अंशांच्या पाण्यात ३०० ओहमच्या आसपास. म्हणजे सेन्सर ठणठणीत. दोष त्याच्या कपलरमध्ये (वायर जोडायच्या सॉकेटमध्ये) होता. प्रेशर वॉशचं पाणी शिरून पिनांवर हिरवा थर चढला होता आणि तिथेच जवळजवळ २००० ओहम वाढत होते. गरम सेन्सरचे ३०० त्यात मिळवले की ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, इंजिन थंडच दिसतं. मग तो चोक ओढल्यासारखं पेट्रोल सोडत राहतो आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही. वायर तुटली असती तर फॉल्ट कोड आला असता, पण २६ अंश हे ईसीयूला अगदी पटण्यासारखं तापमान. म्हणून लाइट लागला नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना धुतल्या, सैल टर्मिनल आवळले, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं. एकही पार्ट लागला नाही.

तुम्ही हे घरी तपासू शकता. रात्रभर उभ्या गाडीला स्कॅनर जोडून फक्त चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. इंजिनचं तापमान, इनटेक हवेचं तापमान आणि बाहेरचं तापमान यांत दोन-चार अंशांपेक्षा जास्त फरक नको. मग गाडी तापवून फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा. ट्रिम शून्यावरच अडकलं असेल तर वरचा प्रकार. खूप उणे असेल तर ईसीयू पेट्रोल कापतोय, तरी कुठून तरी जास्त येतंय: गळका इंजेक्टर, तीन बारऐवजी जास्त प्रेशर देणारा रेग्युलेटर, किंवा टाकी तोंडापर्यंत भरल्याने पेट्रोलने भिजलेला कॅनिस्टर (टाकीतली वाफ शोषणारा कोळशाचा डबा). इनटेकमधला हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरची रबरी नळी चिरली असेल तरीही ट्रिम उणेच दिसतं, कारण ईसीयूला आयडलिंगलाही थ्रॉटल उघडा वाटतो. ट्रिम अधिक आणि प्लग काळा असेल तर ईसीयूची फसवणूक होतेय. सायलेन्सरचं गॅस्केट गळून हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सर ०.१–०.२ व्होल्टवर पडून राहतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो.

"एअर फिल्टर चोक झाला (तुंबला) की गाडी रिच होते" हे कार्ब्युरेटरचं गणित. मॅप सेन्सर फिल्टरच्या आणि थ्रॉटलच्या पुढे बसतो, कमी हवा त्याला कळते, पेट्रोल त्या मानाने कमी होतं. गाडीचा दम जातो, पण प्लग काळा पडत नाही. हे मी वर्षानुवर्षं सांगतोय, तरी रिच गाडीचा पहिला इलाज म्हणून फिल्टरच बदलला जातो आणि दुसरा म्हणून इंजेक्टर. एफआयमध्ये आधी आकडे बघायचे, पाना नंतर उचलायचा.

आता अटी. ओहमचे आकडे कंपनीगणिक बदलतात, आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघा. २०२३ च्या आधीच्या बऱ्याच बाइकवर साधा स्कॅनर जुळत नाही. तिथे मल्टिमीटरने सेन्सर एकदा थेट आणि एकदा ईसीयूच्या कपलरवरून मोजा (ईसीयू काढून ठेवून). दोन आकड्यांतला फरक म्हणजे वायरिंगचा दोष. आणि दुरुस्तीनंतर ऑइल बदलाच, डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर त्याआधी गाडी चालवू नका.